फळा बदलायचा की मोड्यूल?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. ब्रिटिश कार्यालयांत लॅपटॉपची मोजदाद होते. बैठकीच्या खोलीतील डिजिटल फळा मात्र सहज विसरला जातो. वस्तुतः त्याच्या खाचेत बसणारा ‘ओपीएस’ मोड्यूल हा पूर्ण संगणकच आहे.

इंटेलने २०१० मध्ये मांडलेल्या या मानकात ८० पिनांची एकच जोडणी वीज, चित्र व संदेश वाहते. जुना मोड्यूल ओढून काढावा, नवा सरकवावा. मूळ ब्लॅकबर्नच्या प्रोमेथियनसह अनेक उत्पादकांच्या पडद्यांना ही खाच असते. जुन्या मोड्यूलमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप नसेल, तर बदलायचा तो मोड्यूल, ८६ इंची पडदा नव्हे. तरी दरपत्रक संपूर्ण फळ्याचे आले, की खरेदी विभाग ते निमूटपणे मान्य करण्याचीच शक्यता अधिक. खाच कशासाठी आहे, हे त्याला सांगणार कोण?

सशुल्क सुरक्षा-सुधारणा संस्थांना तीन वर्षेच मिळतील, आणि शुल्क दरवर्षी दुप्पट होईल. मोड्यूल निवडताना खाचेची वीजमर्यादा तपासणे आवश्यक. शिवाय फळ्याच्या स्वतःच्या अँड्रॉइडचे वय मोड्यूल बदलून कमी होत नाही.