थॅनोसला उत्तर कोणी दिले?

'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' हा अमेरिकी चित्रपट २६ एप्रिल २०१९ रोजी भारतात प्रदर्शित झाला. देशातील काही चित्रपटगृहांनी त्यासाठी रात्रंदिवस खेळ लावले, आणि आगाऊ विक्री सुरू होताच सुमारे एका दिवसात दहा लाख तिकिटे खपली. हडपसरच्या मॉलमधील पडद्यांपुढे लोटणाऱ्या अशा तरुणाईविषयी पुरोगामी वर्तुळांत उमटणारी प्रतिक्रिया ठरावीक असते. साम्राज्यवादी संस्कृतीचे आक्रमण झाले आहे, तरुणांचे भान हरपले आहे, मोर्चाला चार टाळकी जमत नाहीत आणि येथे मात्र रांगा लागतात, वगैरे.

हे निदान सोपे आहे, आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. २००८ साली सुरू झालेल्या मालिकेतील हा बाविसावा चित्रपट होता. शाळेत असताना पहिला भाग पाहिलेला मुलगा या भागापर्यंत मगरपट्ट्यातील संगणक कंपनीत रात्रपाळी करू लागलेला असतो. अकरा वर्षे ज्याने एका कथेची सोबत केली, तो तिचा शेवट कोणी आधी सांगू नये म्हणून मित्रांशी बोलणे टाकतो, पाळी संपवून पहाटेच्या खेळाला जातो आणि नायकाच्या मृत्यूवर अंधारात डोळे पुसतो, यात हसण्यासारखे काय आहे? बालगंधर्वांच्या सिंधूसाठी ज्यांचे आजे-पणजे रडले, त्यांनी तरी हसू नये. हडपसरला तर गर्दीच्या भारावलेपणाचे नावीन्यही नाही. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी दरवर्षी येथेच परस्परांचा निरोप घेतात. एक दिवेघाटाची वाट धरते, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणीकडे जाते. वारकऱ्यांच्या श्रद्धेची टवाळी करून समाजवाद्यांच्या पदरात कधी काही पडले नाही. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात उपोषण मांडले ते त्या श्रद्धेच्या दाराशी बसून, आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते त्यामुळे.

भांडण प्रेक्षकाशी नाही, कथेशी आहे. आणि ते कथेच्या आत शिरूनच करावे लागेल.

धंद्याची बाजू थोडक्यात उरकता येते. डिस्नेने मार्व्हल कंपनी २००९ साली सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतली. ज्या जॅक कर्बीने यातील कित्येक पात्रांना रूप दिले, त्याच्या वारसांना हक्कांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. २०१४ साली कशीबशी तडजोड झाली. चित्रपट हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत आला नाही. मराठी माणूस हिंदीवर भागवून घेतो, असे बाजाराने गृहीत धरले आहे, आणि तो भागवून घेतोही. बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा चित्रपटगृहमालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. पिण्याचे स्वच्छ पाणी मात्र त्यांनी फुकट दिले पाहिजे, हेही तेथेच नोंदले गेले; बाटली विकत घेणाऱ्या किती प्रेक्षकांना ते ठाऊक आहे?

खरा मुद्दा खलनायकाचा आहे. जिम स्टारलिन या चित्रकाराने १९७३ साली निर्माण केलेला हा थॅनोस पडद्यावर एक सिद्धांत घेऊन येतो. विश्वातील साधनसंपत्ती मर्यादित आहे, खाणारी तोंडे अमर्याद आहेत, म्हणून निम्मे जीव नष्ट केले की उरलेले सुखाने जगतील. तो चुटकी वाजवतो आणि अर्धे जग धूळ होते. हा सिद्धांत परग्रहावरचा नव्हे. माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७९८ साली तो जवळजवळ याच थाटात मांडला होता, आणि तेव्हापासून गरिबांच्या पोरांकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक सुखवस्तू माणसाच्या तो कामी आला आहे.

आता नायक काय करतात ते पाहावे. ते लढतात, पराक्रम गाजवतात, पाच वर्षांनी काळ उलटा फिरवून नाहीशी झालेली माणसे परत आणतात. पण थॅनोसच्या युक्तिवादाला उत्तर कोणीच देत नाही! परत आलेल्या त्या निम्म्या जगाने राहावे कोठे, खावे काय, याची विचारपूस करायला तीन तासांच्या चित्रपटात सवड नाही. त्यांच्यातील अग्रणी टोनी स्टार्क मुळात शस्त्रास्त्रांचा कारखानदार. त्याच्या बलिदानावर पडदा पडतो आणि वाटपाचा प्रश्न त्याच्या चितेबरोबर विझतो. २०२१ साली याच कंपनीच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत हा प्रश्न अखेर उपस्थित झाला. घरे गमावलेल्या निर्वासितांची बाजू घेणारी एक टोळी तेथे आहे. पण तिला आधी स्फोट करायला लावले गेले आणि मग तिची म्होरकी मारली गेली. शेवटी नव्या नायकाच्या तोंडी सत्ताधीशांना चार खडे बोल घातले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु प्रश्न विचारणारे तोवर संपलेले होते.

यावर 'करमणूक आहे, इतके मनावर काय घ्यायचे?' असे म्हणणारे भेटतील. त्यांनी १९७६ साल आठवावे. आणीबाणीत याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते; राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा होऊ शकले नाही. चुटकी वाजवण्याची हौस पडद्यापुरती नसते.

आणि उत्तरही याच मातीत मिळाले होते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात तोंडे कमी करण्याचा विचार झाला नाही, हातांना काम देण्याचा झाला. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. हेच तत्त्व २००५ साली देशाच्या कायद्याने उचलले. धान्य कमी पडल्यामुळे नव्हे, ते मिळवण्याचा हक्क हातून गेल्यामुळे माणसे उपाशी मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडले. याच काळात गोरेगावात मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत होते. त्या कोणा परग्रहावरून उतरल्या नव्हत्या, आणि हंडे घेतलेल्या बायांना घरी पाठवून एकट्या लढल्याही नव्हत्या.

हडपसरच्या प्रेक्षकाला वाटपाचा प्रश्न समजायला थॅनोसची गरजही नाही. मॉलपासून थोड्याच अंतरावर उरुळी देवाची आणि फुरसुंगी आहे. पुण्याने आपला कचरा वर्षानुवर्षे तेथे नेऊन ओतला, विहिरींचे पाणी नासले, गावे टँकरवर आली. लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कोठे शहराला त्यांची नावे कळली. २०१७ साली ही गावे महापालिकेत घेतली गेली, पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पाणी शहरात कमी आहे की ते कोणाच्या नळाला किती येते यात गोम आहे, हे तेथील कोणतीही बाई सांगेल.

गंमत अशी की चाहत्यांना कथेतील ही फट दिसलेली आहे. थॅनोसच्या हाती सर्व शक्ती होती, तर त्याने निम्मी माणसे मारण्याऐवजी धान्य दुप्पट का केले नाही, हा सवाल जगभरच्या चाहत्यांनीच केला, आणि आजही ते त्यावर हिरिरीने भांडतात. अभ्यासवर्गांत वर्षभर घासूनही जो प्रश्न श्रोत्यांच्या तोंडून निघत नाही, तो येथे तिकीट काढून आलेला पोरगा आपणहून विचारतो. दुप्पट करण्याचीही गरज नव्हती, आहे त्याचे वाटे कोणी कसे घातले ते पाहू, एवढेच त्याच्याशी बोलायचे राहिले होते.

ते बोलायला त्या आठवड्यात कोणी गेले नाही. हडपसर ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघात मोडते, तेथे चित्रपट लागल्यानंतर तीनच दिवसांनी, २९ एप्रिलला मतदान झाले. मालिकेत संभाजीराजांची भूमिका करणारे अमोल कोल्हे तीन वेळा निवडून आलेल्या खासदाराला हरवून लोकसभेत गेले. त्यांच्या गुणदोषांचा हा प्रश्न नाही. पराक्रमी चेहरा शोधण्याची घाई सर्वच पक्षांना झाली आहे, समाजवादी त्याला अपवाद नाहीत. त्या दिवशी शंभरांतले चाळीसच्या आसपास मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत. धान्याचा सवाल करणारा तो पोरगा त्यांच्यात होता की नाही, हे विचारायला तरी कार्यकर्त्यांनी पुढच्या चित्रपटाच्या मध्यंतरात मॉलच्या दाराशी जाऊन उभे राहावे.