जयनारायणांची शाळा : मूल्यमापनाचा एक प्रश्न

काशीत दुर्गाकुंडाच्या परिसरात गुरुधाम नावाचे एक अष्टकोनी मंदिर आहे. त्याच्या आठ द्वारांपैकी एक गुरूचे व उरलेली सात सप्तपुरींची, अशी त्याच्या रचनेची उपपत्ती सांगतात. हे मंदिर जयनारायण घोषाल यांनी १८१४ साली उभारले. त्याच जयनारायणांनी चार वर्षांनी, १८१८ साली, बंगाली टोल्यातील आपले एक घर आणि त्यातील धर्मार्थ शाळा चर्च मिशनरी सोसायटीच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी निगडित असलेल्या मिशनच्या, स्वाधीन केली. मंदिराची नोंद काशीच्या स्थलवर्णनात होते आणि शाळेची मिशनच्या इतिहासात. दोन्ही देणारा माणूस एकच, ही गोष्ट ह्या दोन दप्तरांच्या मध्ये कोठेतरी हरवते.

रामापुऱ्यातील जयनारायण इंटर कॉलेज ही त्या शाळेची आजची अवस्था होय. मुलांची माध्यमिक शाळा, शासनाचे अनुदान, आणि व्यवस्थापनाचा वारसा अँग्लिकन. अशा शाळेची पारख कशाने करावयाची, हा प्रश्न वरवर शिक्षणखात्याचा दिसतो. परंतु भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी तो शिक्षणखात्यावर सोपवून मोकळे व्हावे, असा तो नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांत 'मिशनऱ्यांचे कार्य' ह्या मथळ्याखाली दीड-दोन पानांचे एक प्रकरण असते. त्यात छापखाना, व्याकरण, कोश आणि शाळा ह्यांची यादी येते, यादीच्या शेवटी धर्मांतराच्या हेतूविषयी एक नापसंतीचे वाक्य येते, आणि प्रकरण संपते. ह्या पद्धतीने काशीच्या शाळेविषयी काहीही कळत नाही.

मूळ हकिकत थोडक्यात अशी. जयनारायण (१७५२–१८२१) हे कलकत्त्याजवळील खिदिरपूर येथील भूकैलासच्या सधन घोषाल घराण्यातले. दुखण्याने गांजून ते काशीस राहावयास आले. तेथे व्हीटली नावाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने सुचविलेल्या साध्या उपचारांनी त्यांना गुण आला, आणि ह्याची उतराई देवाच्या नावाने कशी करावी असे विचारता त्याने शाळा काढण्याचा सल्ला दिला. १८१४ साली जयनारायणांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला. वीस हजार रुपये सरकारात ठेव म्हणून घ्यावेत, त्यांचे व्याज आणि काही जमिनींचे उत्पन्न शाळेस लावावे, अशी योजना त्यांत होती. आदल्याच वर्षीच्या सनदेने कंपनीवर हिंदी लोकांच्या शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये खर्च करण्याचे बंधन घातले होते आणि मिशनऱ्यांना ह्या देशाचे दार उघडले होते. शाळा प्रत्यक्षात सुरू झाली ती १८१८ च्या जुलैमध्ये. त्या सुमारास काशीस कंपनीचे धर्मोपदेशक असलेले डॅनियल कॉरी, जे पुढे मद्रासचे पहिले बिशप झाले, त्यांच्यामार्फत ती मिशनकडे गेली. आणि सरकारनेही दरसाल सुमारे तीन हजार रुपये तिच्यासाठी मंजूर केले.

हिंदू दात्याचा पैसा, चर्चचा कारभार आणि राज्यकर्त्यांचे अनुदान ह्या तिन्ही गोष्टी शाळेच्या जन्मापासूनच तिच्यात आहेत. 'शासनाच्या पैशावर चालणारी चर्चची शाळा' ही विसाव्या शतकातील तडजोड आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. त्यापूर्वी सतरा वर्षे काशीसारख्या नगरात एक बंगाली गृहस्थ स्वखर्चाने इंग्रजी शिकविण्याची सोय करीत होता. जोनाथन डंकन (जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला) याने १७९१ मध्ये त्याच नगरात स्थापिलेल्या संस्कृत पाठशाळेत इंग्रजीचा प्रवेश व्हावयास १८३० उजाडले. इंग्रजी विद्या आपल्यावर लादली गेली, हे विधान काशीपुरते तरी सरसकट करता येणार नाही.

परंतु जयनारायणांच्या शाळेचे वैशिष्ट्य केवळ इंग्रजी नव्हते. इंग्रजी, फारसी, हिंदुस्थानी आणि बंगाली अशा चार भाषा तेथे शिकवावयाच्या होत्या. जोडीला काशीत छापखाना निघावा, म्हणजे शालेय पुस्तके आणि इतर ग्रंथ देशभर पसरतील, अशी मागणीही त्यांनी सोसायटीस पाठविलेल्या पत्रात केली होती. हे पत्र मिशनच्या वाचकांना फार आवडले, आणि त्याचे कारण उघड आहे: हिंदूंच्या अवनत अवस्थेविषयीची खंत त्यात आहे. येथे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने जरा थबकले पाहिजे. हे पत्र घेणाऱ्याच्या भाषेत आणि घेणाऱ्याच्या परिभाषेत लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेतील लेखनही उपलब्ध आहे. काशीखंडाचे बंगाली पद्य रूपांतर त्यांच्याच पुढाकाराने सिद्ध झाले, आणि त्याला जोडून 'काशीपरिक्रमा' ह्या नावाने समकालीन नगराचे वर्णन आले. बंगीय साहित्य परिषदेने ते नगेन्द्रनाथ वसूंच्या संपादनाखाली विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केले. अहल्याबाईंनी विश्वेश्वराचे देवालय बांधून तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. घाट, देवालये, नाना देशींचे लोक ह्यांनी गजबजलेली ती काशी न्याहाळणाऱ्या नजरेत अवनतीची खंत शोधूनही फारशी सापडत नाही. पत्र खोटे आणि परिक्रमा खरी, असा निवाडा येथे अभिप्रेत नाही. एकच मनुष्य दोन भाषांत दोन प्रकारे बोलतो, ही गोष्ट आपल्या एकोणिसाव्या शतकाच्या वाङ्मयात इतकी सार्वत्रिक आहे की, तिचा इतका लवकरचा आणि इतका स्वच्छ नमुना दुर्लक्षित राहावा ह्याचेच नवल वाटते. जयनारायणांनी बाप्तिस्मा घेतला नाही. शाळेत नवा करार शिकविला जाईल हे ठाऊक असूनही त्यांनी ती दिली.

१८२४ साली कलकत्त्याचे बिशप हीबर यांनी ही शाळा पाहिली आणि आपल्या प्रवासवृत्तात तिचे वर्णन केले. तेव्हापासून मिशनने तिला एकच प्रश्न विचारला: हा पाठ वाचणाऱ्या मुलांपैकी किती जण ख्रिस्ती होतील? ह्या कसोटीवर मिशनच्या शाळा बहुतेक सर्वत्र नापास झाल्या, आणि त्याची तक्रार खुद्द मिशनरीच करीत राहिले. काशीत अँग्लिकन चर्चला मिळालेला सर्वांत मोठा पंडित कोणत्याही शाळेने दिलेला नाही. तो मराठी होता. बुंदेलखंडातून काशीस आलेल्या कोकणस्थ कुटुंबातील नीलकंठशास्त्री गोरे हे मिशनऱ्यांना वादात निरुत्तर करावयाचे म्हणून त्यांच्याकडे गेले, विल्यम स्मिथ ह्यांच्याशी त्यांचा वाद लांबत गेला, आणि १८४८ साली जौनपूर येथे ते नेहेम्या गोरे झाले. 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा खंडनग्रंथ हिंदीत आहे, आणि त्याची वादपद्धती काशीच्या पाठशाळांतील आहे. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर त्यांचा प्रभाव पडला, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे. शास्त्रार्थाने जे घडविले ते शाळेच्या तासाने घडविले नाही. ह्यावरून शाळेविषयीची भीती निराधार होती असे मात्र म्हणता येत नाही. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण घडले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाच्या शुद्धीसाठी लोकापवाद पत्करला, तेव्हा ती शाळा स्कॉटिश मिशनची होती. पण अज्ञान मुलावर शाळेचा अधिकार कोठवर, हा प्रश्न कोणत्याही पंथाच्या शाळेस लागू होता, आणि पालकांचा जीव त्यासाठी टांगणीला लागत होता. प्रलोभन नव्हते, सक्ती नव्हती, असे उत्तर देऊन तो मिटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला शिक्षकाचा शब्द हीच सक्ती असते.

राष्ट्रीय वृत्तीच्या टीकाकारांची कसोटी निराळी. अशा शाळांनी मुले स्वभाषेपासून तोडली, हा त्यांचा आक्षेप. काशीच्या शाळेबाबत त्यात तथ्य आहे, पण दोष चर्चच्या माथी मारण्याइतका सोपा नाही. चार भाषांच्या योजनेतून फारसी हटली ती १८३७ नंतर कचेऱ्यांतून तिचे स्थान गेले म्हणून. इंग्रजी वाढली ती नोकरी आणि परीक्षा ह्यांमुळे. ह्यांतील एकही निर्णय शाळेचा नव्हता. तरीही शाळेची बाजू ह्या ठिकाणी दुबळी पडते. काशीतील आधुनिक हिंदी वाङ्मयाची जी नावे चटकन ओठांवर येतात, त्यांतील भारतेंदू, प्रेमचंद आणि जयशंकर प्रसाद ह्या तिघांच्या विद्यार्थिदशेचा संबंध क्वीन्स कॉलेजशी, सरकारी संस्थेशी, पोहोचतो. १८९३ मध्ये नागरी प्रचारिणी सभा काढणारे तरुणही तिथलेच. ज्या शाळेच्या स्थापकाने देशभाषा आणि छापखाना ह्यांची मागणी एका दमात केली होती, त्या शाळेने देशभाषेच्या ह्या उठावाचे माहेर व्हावयास हवे होते. ते झाले नाही. प्रेमचंदांना मिशनशाळेने आधार दिला तो चुनारला, १८९९ साली, दरमहा अठरा रुपयांच्या मास्तरकीच्या रूपाने. भुकेल्या तरुणाला ते अठरा रुपये कमी नव्हते, हेही नमूद केले पाहिजे; मिशनशाळांनी देशी वाङ्मयास दिलेल्या साहाय्यात अशा पगारांचा हिशेब कोणी धरीत नाही.

स्वातंत्र्यानंतर शाळेच्या धार्मिक स्वरूपाचा प्रश्न घटनेने आपल्या पद्धतीने सोडविला. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्याने शासकीय मदतीच्या शाळांतही दिवसाचा आरंभ सामुदायिक उपासनेने व्हावा असे बंधन घातले आणि ज्या पालकास ती नको असेल त्यास मुलाला वगळून घेण्याची मुभा ठेवली. आपल्या घटनेने तो क्रम उलटा केला. अनुच्छेद २८ प्रमाणे अनुदानित शाळेत संमतीवाचून कोणाही विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क देतो. उत्तर प्रदेशात १९७१ च्या कायद्याने अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांच्या वेतनाची जबाबदारीही शासनाकडे आली. दरम्यान भारतातील अँग्लिकन चर्च १९३० मध्येच इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले होते, आणि उत्तरेतील त्याचा भाग १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये इतर पंथांसह विलीन झाला. म्हणजे 'इंग्लंडचे चर्च' काशीच्या शाळेत उरले असेल तर ते संस्कार म्हणून.

मग हा संस्कार कोठे शोधावयाचा? मंडळाच्या परीक्षेच्या निकालात तो सापडणार नाही. निकाल इतर शाळांचेही लागतात. प्रार्थनेच्या घंटेतही त्याचा फारसा पत्ता लागणार नाही. रामापुऱ्याच्या पलीकडे मदनपुऱ्याची विणकरवस्ती आहे, अलीकडे बंगाली टोला आहे, गंगेच्या काठाने मराठी, तेलुगू, मैथिली बोलणारी घरे आहेत. विणकराचा मुलगा, नावाड्याचा मुलगा आणि पुरोहिताचा मुलगा एका बाकावर बसतात की नाही, आणि बसल्यावर त्यांच्या घरच्या भाषांना शाळेत काही किंमत असते की नाही, हे पाहणे म्हणजे ह्या शाळेची पारख करणे होय. हे मोजमाप बाहेरून आणलेले नाही. ते १८१८ च्या योजनेतच आहे. 'धर्मार्थ' आणि 'चार भाषा' ह्या तिच्या दोन्ही कलमांतून तेच निघते.

ह्यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो आणि तो स्वीकारणे भाग आहे. अनुच्छेद ३० चा हक्क चर्चचा आहे आणि त्याचे रक्षण, विशेषतः अल्पसंख्याक संस्थांकडे संशयाने पाहिले जाण्याच्या काळात, निःसंदिग्धपणे झाले पाहिजे. शाळा काढून घेण्याची भाषा करणाऱ्यांना जयनारायणांचे नाव घेण्याचा अधिकार नाही; त्यांनी ती दिली होती आणि विचारपूर्वक दिली होती. पण देणारा ख्रिस्ती नव्हता, हेही व्यवस्थापनास विसरता येणार नाही. शाळेची मालकी कायद्याने ज्याची असेल त्याची असो. तिच्या हेतूवर ह्या बंगाली गृहस्थाचा आणि त्याच्यामागे देणगी चालू ठेवणाऱ्या कालीशंकर ह्या त्याच्या मुलाचा हक्क उरतोच. मुंबईतील मनी शाळेस कंपनीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे. पुण्याच्या शाळेने बिशपचे पद नावात धारण केले आहे. काशीत मात्र दोनशे वर्षे चर्चच्या शाळेवर एका शाक्त-वैष्णव परंपरेत वाढलेल्या हिंदूचे नाव आहे, आणि ते कोणी बदलले नाही. ह्या एका गोष्टीबद्दल मिशनला आणि चर्चला श्रेय दिले पाहिजे.

अभ्यासकांच्या वाट्याचे काम वेगळे आहे आणि ते झालेले नाही. सोसायटीची दप्तरे इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. 'काशीपरिक्रमा' बंगालीत आहे. जो दप्तरे वाचतो तो बंगाली काव्याकडे वळत नाही, आणि जो काव्य वाचतो त्याला शाळेच्या जमाखर्चात रस नसतो. हीबरच्या प्रवासवृत्तातील वर्णन सुलभ म्हणून तेवढेच पुन्हा पुन्हा उतरवून घेतले जाते. काशीतल्याच विद्यापीठांतून बंगाली, हिंदी, उर्दू आणि मराठी ह्या चारही विषयांचे अध्यापन होते. रामापुऱ्यास तेथून सायकलरिक्षाने जाता येते.