सहा महिन्यांचे आजारपण, दोन वर्षांचा खंड

कान्हे फाट्यावरून आत वळले की टाकवे, वडेश्वर आणि पार टोकाला खांडी, असा आंद्रा नदीच्या खोऱ्यातला आंदर मावळ लागतो. इथल्या मुलामुलींना पदवीसाठी तळेगाव किंवा लोणावळा गाठायचे तर आधी एसटी नाहीतर जीप, मग लोकल. धडधाकट विद्यार्थ्याचाही निम्मा दिवस या जाण्यायेण्यात जातो. आजारपणामुळे कॉलेज सुटलेल्या आणि बरे झाल्यावर परत येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार याच रस्त्यावरून सुरू करावा लागतो.

समजा, खांडीकडची एक मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सप्टेंबरात तिला क्षयरोगाचे निदान झाले. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. म्हणजे मार्चपर्यंत ती बरी होईल. पण हिवाळ्यातली सत्रपरीक्षा बुडाली. पुढच्या सत्राचे पहिले तीन महिने औषधांत गेल्याने ७५ टक्के हजेरीची अट हुकली. बुडालेले सत्र पुन्हा शिकवले जाणार ते थेट जुलैत. सहा महिन्यांच्या दुखण्याने वर्ष खाल्ले ते असे.

आणि जुलै म्हणजे मावळात भातलावणीचा महिना. आजारपणात घरचा पैसा संपलेला, शेतात माणसे कमी आणि प्रवेशाची मुदत तेवढ्याच आठवड्यांत. तो जुलै चुकला की दुसरे वर्षही गेले. घरात याला ‘तिचं कॉलेज सुटलं’ म्हणतात. तिने कॉलेज सोडले असे कोणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तिने पहिल्या वर्षी जे कमावले त्याचे काय होते? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची मोजणी क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत होते. सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान, म्हणजे एकूण सुमारे १५ तास, हा एक श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये यासाठी ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ उभी केली. ही श्रेयांकांची पेढी आहे. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे चालतात.

याच धोरणात मध्येच बाहेर पडण्याची आणि परतण्याची सोय आहे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यातला चार श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केला तर प्रमाणपत्र मिळते. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, अशी अट आहे. मात्र ही रचना वर्ष पुरे करून, ठरवून बाहेर पडणाऱ्यासाठी आहे. आजार वर्षअखेरीची वाट पाहत नाही. सत्राच्या मध्यावर जो आडवा पडला, त्याच्या खात्यावर त्या सत्राचे काहीच जमा होत नाही.

शिष्यवृत्तीचे घड्याळ आणखी वेगळे चालते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत, अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा, अशी अट आहे. आता आपल्या मुलीचा हिशेब पाहा. आजाराचे एक वर्ष आणि हुकलेल्या जुलैचे दुसरे. आयोगाच्या नियमाने ती परत येऊ शकते, पण जिच्या बळावर फी भरायची ती सवलत नेमकी तिथेच संपते. दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. ते लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे नियम समोर ठेवले नव्हते, एवढेच.

अधिक जुन्या विद्यार्थ्यांची अडचण निराळी. श्रेयांक पेढीत २०२१-२२ आणि त्यानंतरचेच श्रेयांक जमा होऊ शकतात. म्हणजे करोनाच्या पहिल्या वर्षात ज्यांचे शिक्षण थांबले, त्यांची कमाई पेढीबाहेर राहिली. शिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तेव्हा ‘२०१९ पॅटर्न’ होता, आता ‘२०२४ पॅटर्न’ आहे. पॅटर्न म्हणजे अभ्यासक्रमाची चौकट. जुन्या चौकटीतला कोणता विषय नव्यातल्या कशाच्या बरोबरीचा, हे ठरवल्याशिवाय जुनी गुणपत्रिका पुढे चालत नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या पंचविशीतल्या माणसाला हे सगळे एका वाक्यात ऐकू येते: ‘तुमचा पॅटर्न बंद झाला.’

यात वयाचा अडथळा मात्र नाही. ब्रिटनमध्ये पदवी सुरू करताना एकवीस वर्षे पूर्ण असलेल्याला ‘मॅच्युअर स्टुडंट’, म्हणजे प्रौढ विद्यार्थी म्हणतात. आपल्याकडे असा वेगळा वर्ग नाही, पण बी.ए.ला कमाल वयाची आडकाठीही नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट दिली. त्या कायद्याच्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, मानसिक आजारही आहे. जो आजार येतो, वर्ष नेतो आणि बरा होतो, तो तिथे बसत नाही.

लेखिका दुर्गाबाई भागवतांचे उदाहरण इथे आठवते. मध्य प्रदेशात आदिवासी जीवनाचा अभ्यास करताना विषबाधा झाली, काही वर्षे अंथरुणात गेली आणि पीएच.डी. राहून गेली. पुढचे त्यांचे कर्तृत्व आपण जाणतो. पण ते ज्ञान विद्यापीठाबाहेर उभे राहिले. प्रत्येक आजारी विद्यार्थ्याने दुर्गाबाई व्हावे, ही काही व्यवस्था नव्हे.

एक रस्ता आज खुला आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, ‘इग्नू’ १९८५ पासून. रोजची हजेरी नाही, घरून अभ्यास. ‘इग्नू’ची तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. दुबळ्या शरीराला हा मार्ग मानवतो. प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयांना तो फारसा उपयोगी नाही. आणि वर्गात बसण्याची ओढ हीच परतण्यामागची प्रेरणा असेल, तर घरून केलेल्या अभ्यासाने तिची भूक भागत नाही.

सगळे समोर ठेवल्यावर उणीव कुठे आहे ते दिसते. आपल्या नोंदवहीत विद्यार्थी उत्तीर्ण असतो, अनुत्तीर्ण असतो किंवा गैरहजर. ‘आजारी’ असा रकानाच नाही. म्हणून त्याचे आजारपण गैरहजेरीच्या खात्यात जाते आणि परतताना त्यालाच खंडाचे प्रतिज्ञापत्र करून आपली बाजू मांडावी लागते. त्यासाठी दवाखान्याची कागदपत्रे तारखांसह जपून ठेवावी आणि कॉलेजला त्याच वेळी लेखी कळवून पोच घ्यावी, हे आजारी माणसाच्या घरात कोणाला सुचत नाही. कॉलेजनेच सुचवायला हवे.

हे अशक्य नाही. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २०१६ च्या नियमांनी २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत द्यावी, असे विद्यापीठांना कळवले. शरीराच्या कारणाने घड्याळ थांबवता येते, हे तत्त्व मान्य झालेच आहे. ते आजारपणाला लावावे, आणि अशा मंजूर रजेचा काळ शिष्यवृत्तीच्या खंडात धरू नये. दुसरी मागणी यापेक्षा सोपी. जुलैबरोबर जानेवारीतही प्रवेश देण्याची मुभा आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केली, पण ती ऐच्छिक आहे. सगळे वर्ग दोनदा भरवणे छोट्या कॉलेजांना झेपणार नाही हे खरे. निदान परतणाऱ्यांपुरते जानेवारीत नाव नोंदवता यावे. तोवर आंदर मावळात भाताची झोडणी उरकलेली असते, घरात चार पैसे असतात, आणि मार्चमध्ये औषधे संपणाऱ्या मुलीला पुढच्या जानेवारीची तयारी करायला पुरते नऊ महिने मिळतात.