हुजूर पक्षाचा मध्य आणि आपली मोजपट्टी



४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा जसा पराभव झाला, तसा त्या पक्षाच्या इतिहासात पूर्वी कधी झाला नव्हता. २०१९ साली ३६५ जागा जिंकणारा हा पक्ष कॉमन्स सभेत १२१ जागांवर आला. गेलेली सत्ता परत मिळवावयाची तर मध्याकडे सरकावे, की नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाच्या मागे धावत आणखी उजवीकडे जावे, हा वाद त्या पराभवाने त्याच्यापुढे उभा केला.

सातासमुद्रापलीकडच्या या भांडणाशी आपला काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो कायद्याच्या एका कलमाइतका निकटचा आहे. त्याकडे मी येणारच आहे; पण प्रथम माझे मत सांगतो. हुजूर पक्षाने मध्याकडे आलेच पाहिजे. मात्र भाषा मवाळ केली म्हणजे पक्ष मध्यावर आला, असे मानण्यास मी तयार नाही. काल ज्यांना नाकारले त्यांचा हक्क आज कायद्याच्या पुस्तकात लिहून दिला, तरच पक्ष सरकला असे म्हणता येईल.

इतिहास काय सांगतो ते पाहा. १८३२ च्या सुधारणा कायद्याला या पक्षाने कसून विरोध केला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर रॉबर्ट पील यांनी टॅमवर्थच्या जाहीरनाम्यात तो कायदा अखेरचा म्हणून स्वीकारला, आणि पक्ष जगला. १८६६ साली मताधिकारासाठी लोटलेल्या जमावाने लंडनच्या हाइड पार्कचे कुंपण मोडले. १८६७ साली डिझरायली यांनी पार्लमेंटात पुढे रेटलेल्या कायद्याने शहरांतील कामगारांच्या मोठ्या वर्गाला मत मिळाले. १८७४ साली पक्षाला बहुमत लाभले. पुढच्याच वर्षी त्याच्या सरकारने सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला आणि संपकऱ्यांच्या शांततामय पिकेटिंगला कायद्याचे संरक्षण दिले. १९४५ साली मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकून त्याला धूळ चारली, तेव्हा १९४७ साली बटलर यांच्या पुढाकाराने औद्योगिक सनद निघाली. ज्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या विधेयकाविरुद्ध या पक्षाने १९४६ साली मते दिली, तीच सेवा १९५१ नंतर त्याच्या सरकारने चालविली, आणि तेरा वर्षे सत्ता भोगली.

या तिन्ही वेळा पक्ष आपखुशीने हलला काय? नाही. लोकांनी ढकलला म्हणून हलला. मध्य ही जमिनीत पुरलेली हद्दीची खूण नव्हे. ज्यांना हक्क नाहीत ते जेवढे रेटतील, तेवढी ती सरकते.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप आहे, त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ते म्हणतात की, मार्गारेट थॅचर मध्यावर आल्या नाहीत, तरी १९७९, १९८३ आणि १९८७ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. जिंकल्या खऱ्या! परंतु १९८३ साली त्यांच्या पक्षाच्या मतांचे प्रमाण १९७९ पेक्षा कमीच होते. जागा वाढल्या त्या १९८१ साली मजूर पक्ष फुटून विरोधी मते दुभंगल्यामुळे. विरोधकांची फूट हे काही आपले तत्त्वज्ञान होऊ शकत नाही. उलट १९९७ साली १६५ जागांवर घसरलेल्या पक्षाने २००१ साली पौंड आणि निर्वासित यांचा घोष करीत निवडणूक लढविली, तेव्हा त्याची कमाई किती झाली? एक जागा! १६५ च्या १६६ झाल्या. डेव्हिड कॅमेरून यांनी २००५ नंतर पक्षाचे तोंड मध्याकडे वळविले, तेव्हा कुठे २०१० साली तो तीनशेच्या पुढे गेला.

आणि २०२४? आश्रय मागणाऱ्यांना रवांडात धाडण्याची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविली. न्यायालयाने पुराव्यावरून जो देश असुरक्षित मानला, तो पार्लमेंटने एप्रिल २०२४ मध्ये कायदा करून सुरक्षित ठरविला. सत्य काय ते बहुमताने ठरू लागले, तर वकिलाने पुरावा कोणापुढे मांडावा? एवढे करूनही रिफॉर्म पक्षाने १४ टक्क्यांहून अधिक मते नेली ती नेलीच. आणि दक्षिणेकडील जुन्या बालेकिल्ल्यांतून लिबरल डेमोक्रॅट ७२ सभासदांसह पार्लमेंटात शिरले. एका बाजूच्या मागे धावताना दोन्ही बाजू हातच्या गेल्या.

तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये नेत्या केमी बॅडनॉक यांनी मानवी हक्कांच्या युरोपीय करारातून बाहेर पडण्याचे धोरण जाहीर केले. या कराराचा मसुदा घडविणाऱ्यांत अग्रभागी होते ते डेव्हिड मॅक्सवेल फाइफ. ते हुजूर पक्षाचेच पुढारी होते. न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांची उलटतपासणी त्यांनी केली होती. जो करार आपल्याच माणसाच्या हातून घडला, तो फाडणे याला पुराणमत जपणे तरी कसे म्हणावे?

आता त्या कलमाकडे वळू. सागर ओलांडून गेलेल्या आपल्या लोकांबरोबर जातही ब्रिटनला गेली. सरकारनेच करविलेल्या संशोधनाच्या २०१० च्या अहवालात, तेथे नोकरीत, शिक्षणात आणि सेवांत जातिभेद व छळ होत असल्याचा पुरावा आढळला. २०१३ साली लॉर्ड्स सभेने आग्रह धरला. हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील संयुक्त सरकारला मनाविरुद्ध नमावे लागले. आणि २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करणे सरकारवर बंधनकारक झाले. पुढे काय झाले? जुलै २०१८ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने जाहीर केले की, आम्ही असा समावेश करणार नाही. हे बंधनच काढून टाकू. न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत.

हे निर्णय म्हणजे मुख्यतः २०१४ चा एका अपील न्यायाधिकरणाचा निर्णय. जात ही काही प्रसंगी ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते, एवढेच त्याने म्हटले. बसू शकते! म्हणजे पीडित माणसाने प्रथम वकील गाठावा, खर्च सोसावा, आपली जात त्या शब्दांत बसते हे सिद्ध करावे, आणि मगच आपल्यावरील अन्यायाबद्दल तोंड उघडावे. सरकारने या भूमिकेला समतोल म्हटले असेल. मी तिला पळवाट म्हणतो. अन्याय नाकारला नाही आणि निवारलाही नाही, याला मध्य म्हणत नाहीत.

येथे एक गोंधळ तुमच्या मनातून काढून टाकला पाहिजे. धम्माच्या वर्गात तुम्ही मध्यम मार्ग शिकलात. म्हणून कोणताही पक्ष मधोमध उभा राहिला की तो आपल्याजवळ आला, असे भोळेपणाने मानू नका. भगवान बुद्धांनी भोग आणि देहदंड ही दोन्ही टोके टाकून दिली. निम्मा भोग आणि निम्मा उपवास असा हिशेब त्यांनी मांडला नाही. त्यांचा मार्ग सम्यक् दृष्टीपासून सुरू होतो, सरासरीपासून नव्हे. पाणवठ्यावर हक्क सांगणारा आणि तो नाकारणारा यांच्यामध्ये अर्धी घागर देणारा मनुष्य मध्यममार्गी नसतो. त्याने अर्धा हक्क बुडविलेला असतो.

गोड शब्द आणि कायदा यांतील अंतर आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सूचीत स्थान देणारा कायदा पार्लमेंटने केला तो १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत सहानुभूतीची भाषणे थोडी झाली काय? परंतु त्या भाषणांनी एकाही मुलाला केंद्राच्या राखीव जागेचा हक्क मिळाला नाही. तो कायद्याच्या दुरुस्तीने मिळाला.

म्हणून हुजूर पक्षाला माझे सांगणे असे की, त्याने मध्याकडे यावे आणि येण्याचा पुरावा म्हणून ते जातीचे कलम मान्य करावे, मानवी हक्कांच्या करारावरील आपली सही राखावी. आणि तुम्हाला सांगणे असे की, ब्रिटनमध्ये असो वा भारतात, कोणताही जुना पक्ष ‘आम्ही आता बदललो’ म्हणत तुमच्या दारी आला, तर त्याला आदराने बसवा, पाणी द्या, आणि विचारा: कोणता कायदा केलात? कोणत्या कायद्याला मत दिलेत? कोणता रोखून धरलात? अन्याय झाला तर दाद कोठे मागावयाची, आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा?

ही उत्तरे मिळेपर्यंत आपले मत आपल्या हाती ठेवा. मध्य सरकविण्याचे तेच आपले साधन आहे.

जय भीम!