शनिवारी बंद असलेला घाणा

धर्माचे नियम आणि देवाची कृपा यांचा हिशेब आपण बहुधा नवसाच्या चालीवर मांडतो: व्रत पाळले तर फळ, मोडले तर कोप. ज्यू धर्माकडे तर जगाने शतकानुशतके याच नजरेने पाहिले. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर सिनाय पर्वतावर मिळालेल्या आज्ञांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्या आज्ञा पाळणारी माणसे अलिबाग-पेणच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिली, एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते. शिवाय त्यांच्याकडे पाहिले की नवसाचा हिशेब या देवाला लागू पडत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

बायबलातल्या ‘निर्गम’ ग्रंथातला क्रमच पाहा. मिसरच्या दास्यातून सुटका आधी होते, समुद्र ओलांडला जातो, रानात मान्ना हे देवाने दिलेले अन्न मिळते. दहा आज्ञा येतात त्या थेट विसाव्या अध्यायात. तिथेही देव आरंभी आपण केलेल्या सुटकेची आठवण देतो, मग आज्ञा सांगतो. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी 1954 मध्ये दाखवून दिले, की हित्ती सम्राट मांडलिकांशी तह करीत तेव्हा मजकूर असाच रचत: आधी केलेल्या उपकारांचा इतिहास, मग अटी, शेवटी आशीर्वाद आणि शाप. मग हा मांडलिकीचा तहच झाला की, हा आक्षेप हलका नाही. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या 28व्या अध्यायात आशीर्वाद चौदा वचनांत आटोपतात आणि शाप चोपन्न वचने चालतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण तहात बांधला जाई तो राजा. इथे पुढच्याच अध्यायात देवाशी होणाऱ्या करारासाठी उभी आहेत ती बायकामुले, उपरे, लाकूडतोडे आणि पाणके. आणि करार मोडल्यावर काय होते? त्यांचा नेता मोशे आज्ञा कोरलेल्या पाट्या घेऊन डोंगर उतरतो तेव्हा खाली सोन्याच्या वासराभोवती नाच चाललेला असतो. तो पाट्या फोडतो. भयंकर शिक्षा होते, माणसे मारली जातात. तरीही त्याच लोकांसाठी पाट्या दुसऱ्यांदा घडवल्या जातात.

‘निवडलेली प्रजा’ या कल्पनेत गर्व आहे, असेही म्हटले जाते. आमोस संदेष्ट्याने तो गर्व केव्हाच उतरवला: निवड झाली म्हणूनच तुमचा जाब आधी घेतला जाईल, आणि पलिष्ट्यांनाही दुसऱ्या देशातून आणणारा हाच देव आहे, हे त्याने स्वकीयांना ऐकवले. याच ग्रंथांत असलेल्या, कनानातल्या लोकांचा संहार करण्याच्या आज्ञेचे समर्थन मात्र आम्ही करणार नाही. ते कोणत्याही युक्तिवादाने होत नाही.

आता कोकणात या. तिथल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते, की नौगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे तारू फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या बुडाल्या. ही माणसे घाण्यावर तेल गाळू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी नाही. उरले होते ते शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता, खाण्याची काही पथ्ये आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला म्हणायची ‘शमा’ ही प्रार्थना. गावगाड्यात प्रत्येक जात आपापला आचार पाळतच होती, त्यात देव कुठून आला, असे समाजशास्त्री विचारतील. जातीची चौकट आचार टिकवते, हे खरे. पण याच लोकांनी शेजाऱ्यांची कितीतरी वळणे उचलली: मेंदी घेतली, गोमांस सोडले, विधवाविवाह वर्ज्य मानला. एवढे बदलूनही आठवड्यातला एक दिवस कमाई सोडायची, तीही जाब विचारणारा एकही धर्माधिकारी जवळ नसताना, याचा उलगडा चौकटीने होत नाही. ‘अनुवाद’मध्ये शब्बाथाचे कारण दिले आहे ते मिसरमधल्या गुलामीचे: तुम्ही दास होता, म्हणून तुमच्या दासदासींना आणि बैलालाही विसावा हवा. ही आठवण ज्याला आपली वाटते, त्याला पहारेकरी लागत नाही.

पहारेकरी पुढे भेटले, तेही इस्राएलमध्ये. 1960च्या दशकाच्या आरंभी तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी पिढ्यांमागची वंशावळ तपासायला सांगितले. निदर्शने झाली, आणि हा समाज सर्वार्थाने ज्यूच आहे, हे 1964 मध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावे लागले. वंशावळ मागणाऱ्यांना धर्मशास्त्र येत होते, याबद्दल शंका नाही. करार मात्र कोकणातल्या तेल्यांना अधिक कळला होता, असे आमचे मत आहे. वाचकांना ते पटले नाही तर त्यांनी जरूर लिहावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवू.