शिकारीचा तळ गावात हवा, गाडीत नको

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवायची एक छोटी खोली मिळते. तिला ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, बॅटरी आणि थंडीसाठी हीटर असतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, की तिथले शिकारी ही गाडी घेऊन रानात जातात, आठ-दहा दिवस तिच्यातच राहतात. पहाटे बंदूक घेऊन पायी निघायचं आणि अंधार पडला की गाडीत परतायचं. ही गाडी म्हणजेच त्यांचा तळ. त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीने पाहिले जातात. नवेगावबांध आणि नागझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हिवाळ्यात टपावर तंबू बांधलेल्या गाड्या आता अधूनमधून दिसतात. त्यातली माणसं वाघ बघायला येतात. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

भांडण आहे ते या व्हिडिओंच्या सोबतीने मांडल्या जाणाऱ्या एका सूचनेशी. सूचना अशी : रानडुकरांनी शेतकऱ्यांना जेरीस आणलंय ना? मग परवाना देऊन शिकार खुली करा. शहरातले हौशी नेमबाज पैसे भरून येतील, आपापल्या गाडीत राहतील, कुणावर भार पडणार नाही. शेतकरी वाचेल, सरकारला महसूल मिळेल. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं, की आमच्याकडचे पिचलेले शेतकरीसुद्धा माना डोलावतात.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतो आणि धान पिकवतो. रानडुकरांचा बंदोबस्त झाला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हलका धान लोंबीवर आला, की डुकरांचा कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवतो. जितकं खातो, त्याहून जास्त तुडवतो. म्हणून माणसं मचाणावर जागलीला बसतात, डबे वाजवतात, फटाके उडवतात आणि सकाळी पुन्हा मजुरीला जातात. काही जण शेवटी तारेत वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि शेजाऱ्याचा मुलगा यांच्यातला फरक कळत नाही. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला ‘जय’ हा वाघ 2016 साली बेपत्ता झाला. त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ 2017 साली अशाच तारेने मेला. शिकारबंदी कडक आहे म्हणून जनावरं सुरक्षित आहेत, असं ज्यांना वाटतं, त्यांनी लोंबीच्या दिवसांत एकदा आमच्या धुऱ्यांवरून चालून पाहावं.

तेव्हा डुक्कर मारावं की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. ते कुणी मारावं, कुणाच्या परवानगीने मारावं आणि त्याचं मटण कुणाच्या चुलीवर शिजावं, हा प्रश्न आहे. ट्रक कॅम्परवाल्या सूचनेत या तिन्हींचं उत्तर ‘बाहेरचा माणूस’ असं आहे.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा. तिथे ती गाडी ज्या जमिनीवर उभी राहते, ती बहुतेकदा सार्वजनिक जमीन असते. राष्ट्रीय वनांमध्ये एका जागी किती दिवस तळ ठोकायचा याला मर्यादा असते, अनेक ठिकाणी ती 14 दिवसांची आहे. कोणतं जनावर, नर की मादी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं परवान्यावर लिहिलेलं असतं. अनेक राज्यांत मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. 1937 सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. म्हणजे त्या गाडीच्या मागे जवळपास शंभर वर्षांची व्यवस्था उभी आहे. मोजदाद आहे, हंगाम आहे, तपासनीस आहे आणि मांस घरी नेणारा शिकारी आहे. आपण यातलं काय आणणार? गाडी कर्ज काढूनही आणता येईल. बाकीचं कुठल्याही शोरूममध्ये मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे येईल तो फक्त तोरा.

हा तोरा आमच्या भागाला नवा नाही. मध्य प्रांतातली जंगलं साहेबांच्या शिकारीसाठी ब्लॉकांमध्ये वाटलेली असत आणि परवानाधारकाला ठरलेल्या मुदतीसाठी एक ब्लॉक मिळे. साहेबाचा तळ पडला, की बैलगाड्या, कोंबड्या, दूध, सरपण आणि हाका करायला माणसं आसपासच्या गावांनी पुरवायची. माग काढणारा गोंड किंवा बैगा असायचा, बंदुकीमागे साहेब असायचा आणि फोटोत मेलेल्या वाघावर पाय ठेवून साहेबच उभा असायचा. जेम्स फॉर्सिथचं 1871 साली निघालेलं मध्य भारताच्या डोंगररानावरचं पुस्तक आजही शिकारकथांचे शौकीन वाचतात. ज्यांच्या पायांवर ती शिकार उभी होती, त्यांची बाजू मात्र कुणी छापली नाही. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, पण धंदा राहिला. नागपुरातूनच परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या सहली आयोजित होत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे थांबलं. थांबलं हे चांगलंच झालं.

मात्र त्याच कायद्याने साहेबाची हौस आणि गोंडाची भूक एका कलमाखाली आणली. ससा मारणारा आदिवासी आणि वाघाचं कातडं विकणारा तस्कर, दोघेही शिकारीच. पुढे 2006 साली वनहक्क कायदा झाला. ऐतिहासिक अन्याय दूर करणारा कायदा, असं त्याच्या उद्देशिकेतच म्हटलं आहे. त्याने पारंपरिक हक्कांची लांबलचक यादी मान्य केली आणि शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र नाव घेऊन वगळला. ज्यांच्या बापजाद्यांनी हाके केले, माग काढले, त्यांना सांगितलं गेलं, की तुमचा सगळा वारसा मान्य, एवढा एक सोडून. मला ही बंदीसुद्धा एकवेळ समजते. जंगल उरलंय किती, हे मलाही दिसतं. पण मग उद्या तीच बंदी पैसे भरणाऱ्या पाहुण्यासाठी उठवायची म्हणता, ते कोणत्या तोंडाने?

बाहेरून नेमबाज बोलावले की काय होतं, हे आपण दोनदा पाहिलं आहे. 2016 साली बिहारमध्ये मोकामाच्या शेतांत बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. त्यावरून दिल्लीत मंत्र्यांमध्येच जुंपली. शेतकऱ्यांच्या हाती त्यातून कायमची कोणतीही व्यवस्था आली नाही. दुसरं उदाहरण आपल्याच विदर्भातलं. 2018 च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात टी-1 या वाघिणीला रात्री गाडीतून गोळी घातली गेली. त्याआधी हत्ती झाले, कॅमेरे झाले, अत्तरसुद्धा शिंपडून झालं. तेरा माणसांच्या मृत्यूचं दुःख भोगलेल्या गावांनी ती मेल्यावर सुटकेचा श्वास घेतला. तो मला पूर्ण समजतो, शहरात बसून त्या गावांना क्रूर म्हणणाऱ्यांची मला चीड येते. पण त्या सगळ्या मोहिमेत गावाचं काम काय होतं? वाट बघणं. निर्णय न्यायालयात आणि वनखात्यात, गोळी बाहेरच्या माणसाची, वाद वाहिन्यांवर. हीच रीत आता डुकरांसाठी कायमची करायची, एवढाच त्या सूचनेचा अर्थ आहे.

ट्रक कॅम्परमध्ये आणखी एक गोष्ट आहे. जुन्या शिकाऱ्याला निदान गावाशी बोलावं लागे. पाणी कुठे आहे, कळप कोणत्या नाल्याने उतरतो, कुणाची गाय कुठे चरते, हे विचारावं लागे. त्याने वेठ घेतली, पण तो गावावर अवलंबून होता आणि गाव त्याला कधी चुकीच्या नाल्यातही पाठवू शकत होतं. कॅम्परवाल्याला कुणालाच काही विचारायचं नाही. पाणी त्याच्या टाकीत, जेवण त्याच्या डब्यात, नकाशा त्याच्या फोनमध्ये. ‘कुणावर भार पडणार नाही’ याचा खरा अर्थ हा आहे, की कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही. अंधारात, मोहफुलांच्या दिवसांत किंवा तेंदूच्या हंगामात, जेव्हा बाया-माणसं पहाटेपासून रानात वाकून वेचत असतात, तेव्हा हा माणूस कुठे बसला आहे, हे गावाला माहीत असायला नको? वाकलेला माणूस जनावराला चौपाया वाटतो, असं आमच्याकडे सांगतात. दुर्बिणीतून बघणाऱ्या परक्यालाही तो तसा वाटू शकतो.

मग करायचं काय? माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्यावर उघड टीका केली आणि वन्यप्राण्यांच्या संख्येबाबतचा अधिकार स्थानिकांच्या हाती हवा, असं मांडलं. त्यांच्या सगळ्या मांडणीशी मी सहमत नाही. वाघ-बिबट्यांचा निर्णय एका गावाने करावा, हे मला पटत नाही, कारण वाघ एका गावाचा नसतो. रानडुकराची गोष्ट वेगळी आहे. ते वाढतंही भराभर आणि त्याचा त्रासही गावाच्या शिवारातच असतो. आजच्या कायद्याच्या कलम 11 खाली पिकांना धोका असलेली अशी जनावरं मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतात. म्हणजे दार बंद नाही. ते दार कचेरीत उघडतं, एवढीच अडचण आहे.

ते ग्रामसभेत उघडावं. शिकार शिवारातच व्हावी, जंगलात नाही. हंगाम पिकाचा असावा, हौशीचा नाही. बंदूक गावातल्या निवडलेल्या, शिकवलेल्या माणसांच्या हाती असावी. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख 1959 पासून आहे, तो काही शोभेसाठी नाही. आणि मटण नुकसान झालेल्यांमध्ये वाटलं जावं. आज परवानगीने मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता ठरतं. ज्या डुकराने माझा धान खाल्ला, ते मेल्यावर सरकारचं आणि धान खाताना मात्र कुणाचंच नाही, हा हिशेब मला कधी कळला नाही.

यावर वनखात्यातली माणसं विचारतील, की डुकराच्या नावाखाली चितळ मारले गेले तर? प्रश्न योग्य आहे. पण लपून लावलेल्या फासांवर आणि तारांवर आज कुणाची नजर आहे? चारचौघांत ठरलेल्या, नोंदवहीत लिहिलेल्या शिकारीवर निदान सगळ्या गावाची नजर राहील. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने बांबू सांभाळून विकून दाखवला. आमच्या जिल्ह्यातही काही ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या गावाला डुकरांचा हिशेब ठेवता येणार नाही, असं म्हणणाऱ्यांचा अविश्वास डुकरांवर नसून माणसांवर आहे.

शहरातल्या नेमबाजाला यात जागाच नाही, असंही मी म्हणत नाही. नेम चांगला असेल, तर गाव त्याला बोलावू शकेल. मग त्याने ती गाडी रानाच्या कडेला लपवून न ठेवता ग्रामपंचायतीसमोर लावावी, नाव लिहावं, जागलीला बसणाऱ्यांच्या शेजारी मचाणावर बसावं आणि सकाळी हात हलवत परत जावं. मटण गावाचं, फोटोही गावाला विचारून. एवढ्या अटीवर किती हौशी यायला तयार होतात ते बघू. जे येतील, ते खरोखर शेतकऱ्यासाठी येत होते, हे मी मान्य करीन.