आलम आराची रात्र आणि केडगावची भिंत

केडगाव म्हटले की इतिहासाच्या वाचकाला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आठवते. दौंड तालुक्यातील या गावाची दुसरी ओळख कानांनी पटते, ती पुणे–दौंड लोहमार्गाची. अशा रुळांलगतच्या गावात घरच्या खोलीचा स्टुडिओ करायचा, तर पहिला पैसा बहुधा भिंतीवर फोम चिकटवण्यात जातो, किंवा अंड्यांचे ट्रे जमवण्यात. गाडीचा आवाज अडावा म्हणून केलेला हा खर्च वाया जातो.

पुण्यात जन्मलेल्या अर्देशिर इराणींपुढे हाच प्रश्न होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला ‘आलम आरा’ ज्या स्टुडिओत घडला, तो रेल्वेमार्गाजवळ होता आणि ध्वनिरोधक नव्हता. संवाद चित्रीकरणाबरोबरच फिल्मवर नोंदले जात. मागाहून गाडीचा खडखडाट वगळण्याची सोय नव्हती. म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री १ ते ४ या वेळेत उरकले गेले. इराणींनी भिंत सजवली नाही, वेळ बदलली.

त्याआधी, १८९५ मध्ये, अमेरिकेत हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तेथे नेल्या आणि घुमणे किती घटते ते मोजले. (बाहेरची वर्दळ थांबावी म्हणून तोही मध्यरात्रीनंतरच काम करी.) शोषणाचे माप म्हणून त्याने घेतली उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला ध्वनी खोलीत परतत नाही, म्हणजे शोषण पूर्ण. पण त्याच खिडकीतून रस्त्यावरचा सगळा गोंगाटही आत येतो! खोलीतील घुमणे कमी करणे आणि बाहेरचा आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचा याहून सोपा पुरावा नाही.

फोम पहिले काम करतो, तेही अर्धवट. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. ५ सेंटिमीटर जाडीच्या थरातून असा खर्ज जवळजवळ तसाच पार होतो. अंड्यांचे ट्रे तर त्याहून दुबळे. घरातील जाड गादी, गोधड्यांची चवड, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांचा उपयोग अधिक होतो. थोडा पैसा असल्यास लाकडी चौकटीत रॉकवूल भरून, वर कापड ताणून, भिंतीपासून बोटभर अंतर राखून टांगावे.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि हवाबंदपणा लागतो. जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेली खिडकी. दाराखालची फट तशीच ठेवून भिंतीवर हजारो रुपये चिकटवण्यात अर्थ नाही.

इराणींची युक्ती केडगावात आजही चालते, कारण प्रवासी गाड्यांचे वेळापत्रक सर्वांना उपलब्ध आहे. मालगाड्यांचे तसे नसते, हा आक्षेप रास्त आहे. ती आली की थांबावे लागते, आणि गेल्यावर तेवढी ओळ पुन्हा म्हणावी लागते.